हाडांची घनता ‘बरी’, तरीही उभ्याचे पडून हाड मोडले: मधुमेही ज्येष्ठ पुरुषांनी कोणता आकडा मानावा?

सांजवेळ

सर्वांना नमस्कार. माझे वय ७१ असून टाइप २ मधुमेह होऊन १८ वर्षे झाली. साखरेसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन अशा तीन गोळ्या चालू आहेत. शिवाय प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री टॅमसुलोसिन घेतो. शेवटच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.१ टक्के होते. तळपाय काही वर्षांपासून बधिर आहेत. चप्पल पायातून निसटली तरी कधीकधी चार पावले पुढे गेल्यावर कळते.

अलीकडेच रात्री लघवीला उठलो असताना वळतावळता तोल गेला, उजव्या अंगावर पडलो आणि खांद्यालगत दंडाचे हाड मोडले. जिन्यावरून नाही, स्टुलावरून नाही. उभ्याचा पडलो, एवढेच. हाड जुळत आले आहे, त्याबद्दल काही म्हणायचे नाही.

त्यानंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी केली. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी तुलना करणारा आकडा) अधिक ०.८ आणि खुब्याच्या मानेचा उणे १.७ आला. अहवालावर ‘घनता किंचित कमी, ऑस्टिओपोरोसिस नाही’, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार नाही, असा शेरा आहे. मला सांगण्यात आले की या वयाच्या मानाने हाडे उत्तम आहेत, पडलात म्हणून मोडले, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत राहा. वजन थोडे जास्त असल्याचा हाडांना फायदाच होतो, असेही वर ऐकायला मिळाले.

माझी शंका अशी आहे की, हाडे खरोखर एवढी चांगली असतील तर उभ्याचे पडून मोडली कशी? ऑस्टिओपोरोसिस हा बायकांचा आजार, पुरुषांनी त्याची चिंता करू नये, हे मीही आजवर मानत आलो. मधुमेहाचा आणि हाडांचा काही संबंध असेल तर तो या अहवालात का दिसत नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


निरामय

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांचा डॉक्टर म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. आपल्याला तपासल्याशिवाय मी उपचार सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. परंतु आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट टी-स्कोअरची. उणे २.५ किंवा त्याखाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस, ही सीमा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ सालच्या अहवालातून आली आणि ती रजोनिवृत्तीनंतरच्या गौरवर्णीय स्त्रियांच्या माहितीवर बेतलेली होती. मधुमेही पुरुष त्या हिशेबात नव्हतेच. सीमा टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही, कारण घनता कमी होत जाते तसा मोडण्याचा धोका वाढतो हे मधुमेहींमध्येही खरे आहे. फरक इतकाच की, मधुमेही माणसाची हाडे तेवढ्याच घनतेच्या बिनमधुमेही माणसाच्या हाडांपेक्षा अगोदर मोडतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील तीन दीर्घकालीन पाहण्यांची माहिती एकत्र करून हे तपासले गेले, आणि त्यांपैकी एक पाहणी तर केवळ ६५ वर्षांवरील पुरुषांची, सुमारे सहा हजार जणांची होती. निष्कर्ष असा निघाला की, खुबा मोडण्याचा धोका सारखा धरला तर मधुमेही पुरुषाचा टी-स्कोअर बिनमधुमेही पुरुषापेक्षा सरासरी ०.४ ने आणि मधुमेही स्त्रीचा सुमारे ०.६ ने वर असतो. आपला उणे १.७ हा आकडा म्हणूनच उणे २.१ च्या आसपासचा समजून वाचला पाहिजे.

आता आकडा वर का राहतो ते पाहू. टाइप २ मधुमेहात वजन बहुधा जास्त असते, आणि भार वाहणाऱ्या हाडात खनिज साचते. शरीरात इन्सुलिनचे प्रमाण बरीच वर्षे चढे असते, त्याचाही हाडाच्या घडणीवर परिणाम होतो. त्यामुळे घनता समवयस्कांपेक्षा साधारण ५ ते १० टक्क्यांनी जास्तच भरते. वजनाचा फायदा होतो असे जे आपल्याला सांगितले गेले, त्यात एवढे तथ्य आहे. पण डेक्सा मोजते ते खनिज. त्या खनिजाला धरून ठेवणारे कोलेजन कसे आहे, हे तिला दिसत नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की ती कोलेजनच्या धाग्यांना चिकटते आणि त्या धाग्यांमध्ये नको तिथे आडवे बंध तयार होतात. उन्हापावसात कडक झालेला सुतळीचा दोर वजनाला तेवढाच भरतो, पण पीळ देताच तुटतो. कोलेजनचे तसेच होते. हाड लवत नाही, धक्का पचवत नाही.

त्यात दुसरी भर अशी की, मधुमेहात हाडांची मोडजोड मंदावते. निरोगी हाडात जुना भाग खरवडला जाऊन नवा भरला जात असतो, आणि रोजच्या वापराने पडणाऱ्या सूक्ष्म भेगा त्यातच बुजतात. हे काम सुस्तावले की भेगा साठत जातात आणि साखर चिकटलेले जुने कोलेजन अधिक काळ जागेवर राहते. ज्यांच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना किंवा नसांना मधुमेहाने इजा केली आहे, त्यांच्यापैकी अनेकांत हाडाचे बाहेरचे घट्ट कवच सच्छिद्र झालेले आढळते. आपले तळपाय बधिर आहेत, हा तपशील मला त्यासाठीही महत्त्वाचा वाटतो.

मणक्यांचा अधिक ०.८ हा आकडा तर मी जवळजवळ बाजूलाच ठेवीन. सत्तरीच्या पुरुषाच्या कंबरेच्या मणक्यांना झीजेमुळे हाडाचे काटे फुटलेले असतात, सांधे जाड झालेले असतात, समोरून जाणाऱ्या महाधमनीत चुना साचलेला असतो, आणि हे सारे यंत्राच्या हिशेबात ‘हाड’ म्हणून जमा होते. मणक्यांच्या कडेने हाडाचे पूल बांधले जाण्याचा एक प्रकार मधुमेहींमध्ये अधिक आढळतो. तो असेल तर आकडा आणखी फुगतो. ज्येष्ठ पुरुषांत खुब्याचा आकडा मानावा, आणि मणक्यांचा एक्स-रे बाजूने काढून एखादा मणका दबला आहे का, ते पाहावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. उभ्याचे पडून खांद्यालगत दंडाचे हाड मोडणे, आणि घनता उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१४ सालच्या निकषांनुसार त्याला ऑस्टिओपोरोसिसच म्हणतात. खुबा मोडला असता तर घनतेकडे पाहण्याचीही गरज नव्हती. यंत्राचा शेरा चूक नाही, पण तो फक्त घनतेचा शेरा आहे आणि हाड मोडल्याचे त्या यंत्राला माहीत नसते. ते उपचार करणाऱ्याने जमेस धरायचे असते. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ज्येष्ठ मधुमेहींसाठी टी-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली असल्यास, अथवा अशा किरकोळ पडण्याने हाड मोडले असल्यास, हाडांच्या औषधांचा विचार करावा असे म्हटले आहे. तिथे उणे २.५ ची वाट पाहिलेली नाही, हे लक्षात घ्यावे.

पुढच्या भेटीत कोणी फ्रॅक्स या गणकयंत्राने दहा वर्षांचा धोका काढून दाखवला, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेफील्ड विद्यापीठात तयार होऊन २००८ साली आलेल्या या गणकात टाइप २ मधुमेहासाठी रकानाच नव्हता, त्यामुळे तो मधुमेहींचा धोका कमी दाखवतो. त्यावर तोडगा म्हणून अनेक डॉक्टर संधिवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड) रकान्यात ‘होय’ भरतात. तोडगा ओबडधोबड आहे, तरी आकडा वास्तवाच्या जवळ नेतो.

औषधांपैकी पायोग्लिटाझोनबद्दल आपल्या डॉक्टरांशी लवकर बोला. या गटातील औषधे अस्थिमज्जेतील मूळ पेशींना हाड घडवणाऱ्या पेशींऐवजी चरबीच्या पेशी होण्याकडे वळवतात. हाडे मोडण्याचा धोका आधी स्त्रियांमध्येच ठळक दिसला होता आणि पुरुष सुरक्षित असावेत असा समज काही काळ होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यात बहुसंख्य पुरुष होते, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयात दाखल होणे भाग पडेल अशा अस्थिभंगाचे प्रमाण पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत ५.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३.२ टक्के आढळले. त्या चाचणीतील लोक मधुमेही नव्हते, पक्षाघात येऊन गेलेले होते. तरीही हाड मोडलेल्या माणसाला हे औषध चालू ठेवायचे तर त्यामागे सबळ कारण हवे. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साखर आणखी चढली तर हाडांचे त्यातही नुकसानच आहे.

राहता राहिला ‘बायकांचा आजार’. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनच्या अंदाजानुसार पन्नाशीनंतर तीनपैकी एका स्त्रीचे आणि पाचपैकी एका पुरुषाचे हाड या कारणाने मोडते. पुरुषांचे प्रमाण कमी, पण खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त आहे.


समतोल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरील प्रतिसादात हाडाविषयी सर्व काही आले आहे. मी पडण्याविषयी लिहिते, कारण सांजवेळ यांच्या मजकुरात पडण्याची चार-पाच कारणे एकाच परिच्छेदात एकत्र आलेली दिसतात आणि ती कोणी जोडून पाहिली असतील असे वाटत नाही.

रात्रीची वेळ होती. टॅमसुलोसिन घेतल्यानंतर एकदम उभे राहिले की काहींचा रक्तदाब उतरतो. दीर्घ मधुमेहाने आतल्या स्वायत्त नसा दुखावल्या असतील तर रक्तदाब सावरण्याची शरीराची क्षमताही कमी झालेली असते. ग्लिमेपिराइडमुळे पहाटे साखर उतरू शकते, आणि वयस्क व्यक्तींना दर वेळी घाम आणि थरथर जाणवतेच असे नाही; नुसता गोंधळल्यासारखा भास होतो, पाय लटपटतात. त्यात तळपाय बधिर, म्हणजे पाय जमिनीवर नेमका कसा टेकला आहे हे मेंदूला डोळ्यांकडून कळवून घ्यावे लागते, आणि अंधारात डोळेही उपयोगाचे नाहीत. म्हणूनच आपण चालताना नव्हे, वळताना पडलात. बधिर पायांची माणसे बहुधा वळणावर पडतात, हे मी कामात सतत पाहते.

यावर करण्यासारखे बरेच आहे. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी असा मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा पुन्हा पाहाव्या लागतात. काही दिवस झोपण्यापूर्वी आणि रात्री उठल्यावर साखर मोजून तिची नोंद ठेवा, म्हणजे साखर उतरते की नाही याचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असल्याने ब १२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या; ते कमी असेल तर पायांची बधिरता वाढते आणि दोष मात्र सगळा मधुमेहाच्या माथी जातो. दृष्टीसाठी दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पायऱ्या उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, याचाही विचार करावा. पायात निसटणारी चप्पल नको; टाच धरून ठेवणारे, पातळ आणि टणक तळाचे पादत्राण घरातही घाला. मऊ, जाड गादीसारख्या तळाने पायाला उरलीसुरली जाणीवही मिळत नाही.

व्यायामाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण ‘रोज चाला’ एवढ्यावर सल्ला संपतो आणि नुसत्या चालण्याने तोल फारसा सुधारत नाही. मांडीचे स्नायू आणि तोल या दोन्हींवर स्वतंत्र काम करावे लागते. सुरुवात हात न लावता खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून करता येते. उठताना झोका घेणारी आणि बसताना धाडकन बसणारी माणसे मांडीचा जोर वापरतच नाहीत. बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश खाली या, म्हणजे खरा व्यायाम होतो. ओट्याचा किंवा जड टेबलाचा आधार हाताशी ठेवून एका पावलाच्या टाचेपुढे दुसरे पाऊल अशा रीतीने दहा सेकंद उभे राहून पाहा. ते जमत नसेल तर पडण्याचा धोका मोठा आहे असे समजावे आणि एकट्याने पुढचे प्रकार करू नयेत. दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. मणका दबलेला असण्याची शक्यता तपासून होईपर्यंत कंबरेतून पुढे वाकण्याचे आणि पिळाचे व्यायाम करू नका. आणि डोळ्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटण्याच्या अवस्थेतील विकार असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलणे धोक्याचे ठरते. म्हणून नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वजनांना हात लावू नका.


तर्ककर्कश

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मला एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली हेच म्हटले आहे की, पुरुषांची ऑस्टिओपोरोसिससाठी सरसकट चाळणी करण्यास पुरेसा पुरावा नाही. असे असताना प्रत्येक मधुमेही ज्येष्ठाला डेक्सा आणि त्यामागोमाग औषध, अशी साखळी सुरू करणे कितपत योग्य? आधीच माणूस चार-पाच गोळ्यांवर असतो, आणि घनतेचा आकडा हातात पडला की भीती घालून आणखी एक गोळी माथी मारली जाते. ‘टी-स्कोअर उणे २.१ समजून वाचावा’ हेही मला पटले नाही. सरासरीचा फरक एका माणसाच्या अहवालात असा वजा करता येतो का?


निरामय

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. सरासरीचा फरक एका व्यक्तीला काटेकोर लागू होत नाही, हे मान्य आहे. तो वजाबाकीसाठी नव्हे, वाचनाची दिशा कळावी म्हणून दिला आहे. सांजवेळ यांच्या बाबतीत मधुमेहाची १८ वर्षे, चढे एचबीए१सी आणि दुखावलेल्या नसा पाहता त्यांचा धोका सरासरी मधुमेहीपेक्षा कमी असेल असे मानायला आधार नाही.

कृतिदलाचे मत आपण बरोबर दिले आहे, पण ते येथे लागू होत नाही. चाळणी म्हणजे काहीही झालेले नसताना तपासणे. या गृहस्थांचे हाड मोडले आहे. आजवर एकही हाड न मोडलेल्या पुरुषाने सरसकट डेक्सा करावी की नाही, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सत्तरी ओलांडलेल्या सर्व पुरुषांसाठी आणि धोक्याची कारणे असलेल्या ५० ते ६९ वयाच्या पुरुषांसाठी तपासणी सुचवली होती, तर कृतिदल थांबायला सांगते. एक हाड मोडल्यानंतर मात्र मतभेदाला फार जागा उरत नाही. पुढचे हाड मोडण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो, आणि नेमका तोच काळ ‘हाड जुळले, आता काही नाही’ असे म्हणण्यात निघून जातो. जादा औषधांविषयीची आपली चिंता मी समजू शकतो, परंतु माझ्या पाहण्यात पुरुषांच्या बाबतीत अडचण उलटी आहे. प्लास्टर निघाले की कोणी हाडांचा विषयही काढत नाही.


चांदणचुरा

माझ्या वडिलांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल असे वाटते म्हणून लिहिते. बाबांनाही दीर्घकाळ मधुमेह आहे आणि त्यांच्या मणक्यांची घनताही डेक्सात ‘नॉर्मल’ होती. पाठ दुखते म्हणत, पण ते वयामुळे असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. कपाटाच्या वरच्या फळीवरची फाइल ते पूर्वी सहज काढत. हळूहळू ती काढायला कुणाला तरी हाक मारू लागले, आणि पँटचे काठ टाचेखाली येऊ लागले. पुढे खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला तेव्हा अहवालात छातीमागचे दोन मणके दबल्याची नोंद आली. पासपोर्टवरच्या जुन्या नोंदीशी ताडून पाहिले तर उंची पाच सेंटिमीटरने कमी झाली होती. पडल्याचे त्यांना आठवत नव्हते, कारण ते पडलेच नव्हते.

डॉक्टरांनी नंतर समजावले की, मणके दबण्याच्या घटनांपैकी बहुतांश घटना कोणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढावाच. निरामय यांनी तो सुचवला आहे. सांजवेळ काका, तो टाळू नका. भिंतीला टाच लावून उंची मोजायला काहीच लागत नाही, ती आधी मोजा.

मूत्रपिंडाचे काम कमी झाल्यामुळे बाबांना हाडांची झीज रोखणारे डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी देतात. ते देण्याआधी रक्तातील कॅल्शियम तपासतात, कारण मूत्रपिंड कमजोर असल्यास ते घसरू शकते. आम्हाला सर्वांत बजावून सांगितलेली गोष्ट म्हणजे तारीख चुकवायची नाही. हे औषध मध्येच थांबवले किंवा लांबले तर हाडांची झीज उसळी मारते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. दुसरे औषध सुरू केल्याशिवाय ते सोडता येत नाही, हे सुरू करण्यापूर्वीच माहीत असलेले बरे.


सांजवेळ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंची मोजली; कागदोपत्री नोंदीपेक्षा ती तीन सेंटिमीटर कमी भरली. पायोग्लिटाझोन थांबवून पर्याय देण्याचे डॉक्टरांनी मान्य केले आहे आणि मणक्यांचा एक्स-रेही सांगितला आहे. हाडांसाठी अलेंड्रोनेट सुरू करण्याचा त्यांचा विचार आहे. तीन शंका उरतात. निरामय यांनी लिहिले की मधुमेहात हाडांची मोडजोड आधीच मंद असते. मग ती आणखी मंद करणारे औषध उपयोगाचे कसे? दुसरे, माझे टेस्टोस्टेरॉन कमी आले आहे, तर ते इंजेक्शनने भरून काढले तर हाडे सुधारणार नाहीत का? तिसरे, ड जीवनसत्त्वाचा एखादा मोठा डोस घेऊन टाकला तर?


निरामय

पहिली शंका फार नेमकी आहे, आणि तज्ज्ञांनाही ती पडली होती. मोडजोड मंद असली तरी म्हातारपणी हाड खरवडण्याचे काम भरण्याच्या कामापेक्षा पुढेच असते, आणि अलेंड्रोनेट ज्यातले आहे ती बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे खरवडणाऱ्या पेशींना आवरतात. जुन्या मोठ्या चाचण्यांतील मधुमेही रुग्णांची माहिती वेगळी काढून पाहिली असता, घनतेतील वाढ आणि अस्थिभंगातील घट बिनमधुमेहींसारखीच आढळली. या चाचण्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, ही उणीव आहेच. पुरुषांपुरते सांगायचे तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडने दोन वर्षांत नवे मणके दबण्याचे प्रमाण ४.९ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आणले होते. हाड नव्याने घडवणारे टेरिपॅराटाइड हेही एक औषध आहे. एक्स-रेत एकाहून अधिक मणके दबलेले निघाले तर आपले डॉक्टर त्याचा विचार करतील.

टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत अपेक्षा आणि निकाल यांची फारकत झाली. ते कमी असणे हाडांना वाईट, आणि दिल्यावर घनता वाढते, हे दोन्ही खरे असल्याने अस्थिभंगही कमी होतील असे आम्ही सर्वच मानत होतो. हृदयविकाराचा धोका असलेल्या आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांवरील चाचणीचे अस्थिभंगाविषयीचे निष्कर्ष २०२४ साली आले. त्यांतील बहुसंख्य मधुमेहीच होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ३.५ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे २.५ टक्के पुरुषांची हाडे मोडली. उलटे का झाले यावर चर्चा चालू आहे. इतर लक्षणांसाठी ते घ्यावे की नाही हा निराळा प्रश्न आहे, पण केवळ हाडांचा उपचार म्हणून ते घेऊ नये. आपले टेस्टोस्टेरॉन सकाळी रिकाम्या पोटी दोनदा मोजलेले आहे ना, तेही पाहा. एकाच मोजणीवर निदान होत नाही.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढलेच पाहिजे, आणि अलेंड्रोनेट सुरू करण्यापूर्वी ते भरलेले हवे. परंतु वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिल्यावर ज्येष्ठ स्त्रियांमध्ये पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१० साली दिसून आले आहे. रोजची माफक मात्रा पुरे. सत्तरीनंतर कॅल्शियम दिवसाला एकूण १,२०० मिलिग्रॅम लागते, त्यात आहारातून मिळणारे धरायचे आणि कमी पडेल तेवढेच गोळीने घ्यायचे.

अलेंड्रोनेटपूर्वी मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३५ च्या वर आहे याची खात्री करून घ्या. मधुमेहात हा आकडा गृहीत धरता येत नाही. हाडे ठिसूळ होण्यामागे मधुमेहाखेरीज काही दडलेले नाही ना, यासाठी थायरॉइड, पॅराथायरॉइड, रक्तातील कॅल्शियम आणि प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून पाहणे) या तपासण्या एकदा व्हायला हव्यात. पुरुषांमध्ये असे दुसरे कारण सापडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. दात काढायचे किंवा रोपण करायचे असेल तर ते काम आधी उरकून घ्यावे, कारण या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते आणि साखर चढी असताना हिरडीची जखम मुळातच उशिरा भरते.

गोळी आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅमची असते. सकाळी उठल्याबरोबर पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर किमान अर्धा तास काही खायचे नाही, कोणतीही दुसरी गोळी घ्यायची नाही आणि आडवेही व्हायचे नाही. मधुमेहींना येथे अडचण येते ती अशी की, ग्लिमेपिराइड सवयीने तिच्यासोबतच घेतली जाते आणि न्याहारी अर्धा तास पुढे जाते. त्या दिवशी साखरेच्या गोळ्या न्याहारीबरोबरच घ्या. तोंडाने घेण्याचा उपचार साधारण पाच वर्षांनी पुन्हा तपासला जातो. त्या दरम्यान जांघेत किंवा मांडीत काही न लागता बोथट दुखू लागले तर वाट न पाहता डॉक्टरांना सांगा आणि दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढून घ्या, कारण या औषधांच्या दीर्घ वापराने क्वचित मांडीच्या हाडाला भेग पडते.